डोंबिवली पास

सोमवारी सकाळी कुकरची दुसरी शिट्टी होत होती आणि फोन टुणकन वाजला. "क्वीन सुटली. ७.१५. राइट टाइम." पाठवणारे पुण्याचे काका. क्वीन म्हणजे डेक्कन क्वीन, सकाळी पुण्याहून मुंबईला निघणारी. हा मेसेज मी इतकी वर्षं रोज वाचत आलेय की त्यात वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. देवघरातल्या निरांजनाकडे लक्ष जावं तेवढंच त्याच्याकडे जातं. पण तो येतो ग्रुपवर. आणि ग्रुप तर आदल्या रात्री बंद झाला होता. हा मेसेज थेट माझ्या नावावर, एकटीला आला होता. मी हात पुसले, फोन उचलला, वाचला आणि तसाच ओट्यावर पालथा ठेवला. मंगळवारी पुन्हा आला. बुधवारी "७.१९. चार मिनिटं लेट." काका हे फक्त मलाच पाठवत होते की ग्रुपमधल्या सव्वाशे जणांना एकेकाला शोधून, ते कळायला मार्ग नव्हता. विचारणार तरी कसं? "काका, मलाच का?" असं विचारलं तर ते थांबवतील, आणि नाही विचारलं तर रोज सव्वासातला माझ्या ओट्यावर ही गाडी सुटत राहील. तीन दिवस मी काहीच उत्तर दिलं नाही. तीन दिवस भाजी खारट झाली.

आमचा ग्रुप रेल्वेवेड्यांचा. सुरुवात ऑर्कुटवर. २००७ साली मी त्या कम्युनिटीत शिरले तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता आणि दुपारी त्याला झोपवून मी मिळेल तो अर्धा तास कॉम्प्युटरसमोर बसायची. प्रोफाइलला स्वतःचा फोटो लावायची भीती वाटायची म्हणून डिझेल इंजिनाचा लावला होता, आणि नावाच्या जागी नुसतं 'कुर्डूवाडी'. त्यामुळे जवळजवळ वर्षभर सगळे मला 'दादा' म्हणत होते. "दादा, तुमच्याकडच्या नॅरोगेजचे फोटो टाका ना." मीही बिनदिक्कत टाकत होते. एकदा लिहिण्याच्या भरात 'मी गेले होते' असं लिहून गेले, तेव्हा दोन दिवस कोणी काही बोललंच नाही. मग पुण्याच्या काकांनी लिहिलं, "ताई, मिरज गाडीला तेव्हा किती डबे असायचे?" झालं. त्यानंतर मी ताई. तो विषय तिथेच संपला, आणि त्याबद्दल मी काकांची आजही ऋणी आहे.

कुर्डूवाडीत जन्मलेल्या माणसाला रेल्वेचं वेड लागलं नाही तरच नवल. बाबा वर्कशॉपमध्ये. आमच्या गावात एका बाजूला मुंबई-सोलापूरची मोठी लाइन आणि दुसऱ्या बाजूला बार्शी लाइटची अडीच फुटी नॅरोगेज, मिरजेपासून लातूरपर्यंत जाणारी. १८९७ साली बार्शीसाठी ती पहिल्यांदा धावली, आणि ज्याने ती धावायला लावली त्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेबाने पुढे विमानातून उडी मारायची छत्री बनवली, हे बाबा पाहुण्यांना हमखास सांगत. पाहुण्यांना त्यात काय, ते चहाची वाट बघत बसलेले. मला मात्र ते दोन्ही एकाच माणसाचं काम वाटायचं. त्या गाडीत बसलं की केव्हाही उडी मारावी लागेल असंच वाटत राही. आषाढीला ती पंढरपूरकडे निघायची तेव्हा डबा दिसतच नसे, आत, दारात, टपावर नुसती माणसं आणि त्यांच्या पताका. कोळशाची बारीक कणी डोळ्यात जायची आणि आई पदराच्या टोकाला फुंकर मारून, तो ऊबदार बोळा डोळ्यावर दाबायची. त्या वासाचा, कोळसा, तेल आणि आईच्या पदराला लागलेली फोडणी असा मिळून एक वास, त्याचा उल्लेख मी एकदा ग्रुपवर केला होता. सासरी कोणाला सांगितला असता तर म्हणाले असते, काय हिचं एकेक. इथे पाच जणांनी लगेच आपापल्या स्टेशनाचा वास लिहून पाठवला. मनमाडचा, दौंडचा, भुसावळचा. भुसावळवाल्याने लिहिलं होतं, "केळी आणि ग्रीस."

एवढ्यासाठीच मी तिथे होते.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा आम्ही बिऱ्हाड उचलून व्हॉट्सॲपवर आलो. खरं तर तिथेच आमचं रूप बदललं. ऑर्कुटवर लांबलचक लिहायची सवय होती, एखाद्या इंजिनाच्या नंबरावरून तीन-तीन दिवस वाद चालायचे. व्हॉट्सॲपवर वाद जमेनात, पण दुसरीच एक गंमत सुरू झाली. काकांनी एक दिवस सहज लिहिलं, "क्वीन सुटली." लोणावळ्याच्या एकाने तासाभराने लिहिलं, "लोणावळा आली." कर्जतला राहणाऱ्या मास्तरांनी (ते शाळेतले मास्तर, स्टेशनमास्तर नव्हेत, या खुलाशावर ग्रुपमध्ये दरवेळी हशा पिकायचा) लिहिलं, "कर्जत पास." मी तेव्हा डोंबिवलीच्या फलाटावर ऑफिसच्या लोकलची वाट बघत असायची. साडेनऊच्या मागेपुढे डोळ्यांसमोरून क्वीन धडाडत गेली. मी लिहिलं, "डोंबिवली पास." दादरच्या एका मुलाने शेवट केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं, पण बघता बघता ड्यूटी लागली. पूर्वी एका स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला तार देऊन 'लाइन क्लिअर' मागायची, मिळाली की गाडी सोडायची. आमचं तेच चाललं होतं, फक्त आमच्या 'क्लिअर'वाचून कुठलीही गाडी अडणार नव्हती. मला ताप आला होता तेव्हा नवऱ्याला गॅलरीत उभं करून मी पास लिहून घेतला होता. त्याला सांगितलेलं, इंजिनाचा नंबरही बघ. त्याने येऊन सांगितलं, "पांढरं होतं."

निरोप द्यायचा आमचा सराव दांडगा. त्या सगळ्या वर्षांत रेल्वेत काही ना काही संपतच होतं आणि आम्ही प्रत्येक वेळी हजर. आमच्या कुर्डूवाडीची अडीच फुटी गेली, मोठी लाइन आली. तिथल्या खडीतला एक काळा दगड आजही माझ्या तुळशीच्या कुंडीत आहे. इगतपुरीला इंजिन बदलणं संपलं. मुंबईकडची डीसी वीज जाऊन पलीकडच्यासारखीच एसी आली आणि ज्या थांब्यात लोक उतरून वडे खात, पाय मोकळे करत, त्या थांब्याचं कारणच गेलं. इगतपुरीचा आमचा ॲडमिन त्या आठवणीने अजून हळवा होतो, त्याचं बालपण त्या कपलिंगच्या 'खट्ट' आवाजात गेलंय. पुढे कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये सगळीकडे तारा चढल्या, तेव्हा रत्नागिरीच्या एकीने (होय, तोवर आम्ही बायका चार झालो होतो) करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून दोन डिझेल इंजिनांच्या बाहेर पडण्याचा आवाज टाकला होता. आवाज आधी जमिनीतून येतो, मग कानात. त्याच वर्षी जूनमध्ये क्वीनचे जुने डबे जाऊन नवे एलएचबी डबे आले. डायनिंग कारमध्ये बत्तीसच्या जागी चाळीस माणसं बसू लागली, आणि तरीही अर्धा ग्रुप आठवडाभर सुतकात होता.

पण माझ्या लेखी खरा निरोप एकच, ९ एप्रिल २०१६ चा. शनिवार होता. मुंबईत विजेवर पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली ती व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गे. आणि दीड हजार व्होल्टच्या त्या डीसीवरची शेवटची लोकल धावणार होती तीही कुर्ला ते सीएसटी, त्याच हार्बरवर. एक्क्याण्णव वर्षांनी गाडी जिथून निघाली तिथेच येऊन थांबणार म्हटल्यावर आम्ही घरी बसणं शक्य नव्हतं. नवरा म्हणाला, "लोकलमध्ये बसायला लोकलनेच कुर्ल्याला जाणार तुम्ही?" मी अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. रात्रीच्या त्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबणं मुलामुळे जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही संध्याकाळच्या एका डीसी गाडीने गेलो. ग्रुपमधले वीसेक जण होते. ज्यांना मी नऊ वर्षं फक्त इंजिनाच्या फोटोवरून ओळखत होते त्यांना पोटं होती, चष्मे होते, एकाच्या हातात भाजीची पिशवी होती. आमच्यातला आवाज टिपणारा मुलगा दारात माइक धरून उभा होता. कॉटन ग्रीन सुटलं की मोटरचा सूर चढत जातो, खालच्या सुरातून वर, जणू कोणी तानपुऱ्याची तार पिळतंय, आणि रे रोडच्या अलीकडे वीज तोडली की तो हवेत विरतो. त्याला तेवढं हवं होतं. तो सगळ्यांना हात जोडून गप्प राहा म्हणत होता. सगळे गप्प झालेही. गाडीने सूर धरला आणि त्याच क्षणी खिडकीजवळच्या एका आजोबांनी, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, आपल्या नातवाला मोठ्याने विचारलं, "शू लागली का रे?" ते रेकॉर्डिंग आमच्या ग्रुपचं राष्ट्रगीत झालं. शंभरदा ऐकलं असेल. सूर चढतो, शू लागली का रे, सूर उतरतो.

काका त्या दिवशी आले नव्हते. काका कधीच कुठे आले नाहीत. पुण्याबाहेर पाऊल टाकायचे नाहीत, का ते कोणी विचारलं नाही. रोज सकाळी फिरायला निघायचे ते थेट स्टेशनच्या पुलापर्यंत, एवढं आम्हाला माहीत. त्यांचा आवाज मी एकदाच ऐकलाय. क्वीनच्या हॉर्नची फीत पाठवली होती, हॉर्न संपल्यावर दोन सेकंद नुसता वारा आणि मग एक कोरडा खोकला. मी तो खोकलाही सेव्ह करून ठेवलाय असं म्हणायला हवं, कारण फीत कापता येत नाही मला.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या. तेवीस तारखेच्या सकाळी बरोबर सव्वासातला काकांचा मेसेज आला, "७.१५. गाडी नाही." चोवीस तारखेलाही, महिन्याभरानेही, पावसाळ्यातही. "७.१५. गाडी नाही." कर्जतचे मास्तर त्याखाली रोज "लाइन क्लिअर" लिहायचे. आम्ही बाकीचे घरात कोंडलेले लोक ते दोन मेसेज बघून चहा करायला उठायचो. मग एक दिवस मास्तरांचं "लाइन क्लिअर" यायचं थांबलं. आम्हाला वाटलं कंटाळले असतील, मोबाइल बिघडला असेल. त्यांच्या घरच्यांना आमच्याबद्दल माहीतच नव्हतं. मास्तर गेल्याचं आम्हाला कळलं चार महिन्यांनी, तेही त्यांच्या शाळेच्या कुणाकडून तरी फिरत फिरत. क्वीन सुरू झाल्यावर काका पुन्हा लिहू लागले, लोणावळावाला लिहू लागला, मीही लिहू लागले. कर्जत कोणी लिहिलं नाही. दोघेजण कर्जत-नेरळकडे राहणारे होते, लिहू शकले असते. घाटाखाली एक मेसेज न आल्याने गाडीला काही होत नव्हतं, पण लोणावळा आणि डोंबिवलीच्या मधे रोज एक मोकळी ओळ पडायची आणि आम्ही ती तशीच ठेवली.

मग हळूहळू कमी होत गेलं. कोणी एकाने केलं म्हणता येणार नाही. गाडी कुठे आहे ते ॲपवर सगळ्या जगाला दिसतं, मग आमच्या "पास"ला अर्थ काय राहिला, असं नव्या पोरांपैकी एकाने विचारलं. त्याचं चुकलं नव्हतं. त्यातच वंदे भारत आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरची सुरू झाली आणि कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं न लावताच सदतिसाला एक असा चढ असलेला बोरघाट चढली. त्यावरून ग्रुपमध्ये जे रणकंदन माजलं ते रेल्वेवरून राहिलंच नाही. कोणी कोणाला देशद्रोही म्हटलं, कोणी कोणाला भक्त. मला त्या गाडीचं मनापासून कौतुक होतं, ती माझ्या कुर्डूवाडीला थांबते! पण ते लिहिलं की एका बाजूत मोजतात आणि नाही लिहिलं की दुसऱ्या, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणाऱ्यांची संख्या वाढत गेली. इंजिनंही सगळी एकसारखी झाली, त्यामुळे नंबरात रस उरला नाही. शेवटचे काही महिने ग्रुपवर सुप्रभातची फुलं, जमिनीच्या जाहिराती आणि सव्वासातला काका, एवढंच. मी स्वतः किती महिने "डोंबिवली पास" लिहिलं नव्हतं? ऑफिसची वेळ बदलली हे कारण. ती परत पूर्वीसारखी झाली तरी मी लिहिलं नाही, त्याला कारण नाही.

ॲडमिनने बुधवारी सांगितलं की रविवारी रात्री ग्रुप बंद करतो. "मी एकटा किती दिवस झाडू मारू?" एवढंच लिहिलं होतं. रागावलेला नव्हता, दमला होता. आणि मग मजा बघा. जुन्या डब्यांना हार घालणारे, इंजिनाला लिंबू बांधणारे, रात्री बेरात्री कुर्ल्याला धावणारे आम्ही लोक, आम्हाला स्वतःच्या शेवटच्या फेरीला काय करायचं ते सुचेना. तिघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने रडणाऱ्या मांजराचं. भुसावळवाल्याने विचारलं, "नारळ कोण फोडणार?" त्याला उत्तर कोणी दिलं नाही. माइकवाल्या मुलाने, तो आता दोन मुलींचा बाप आहे, ते राष्ट्रगीत एकदा टाकलं, शू लागली का रे, आणि त्यावर चौदा हसरे चेहरे आले. त्या महिन्यातला तो उच्चांक. मी रविवारी दुपारी गॅलरीत बसून लांबलचक लिहिलं. मास्तरांबद्दल, 'दादा' म्हणण्याबद्दल, केळी आणि ग्रीसबद्दल. वाचून पाहिलं तर शोकसभेतलं भाषण वाटलं. पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. काकांनी रविवारी सकाळी त्यांचा नेहमीचा मेसेज टाकला होता. निरोपाचं काहीही लिहिलं नाही. रात्री दहा वाजून काही मिनिटांनी खाली करडी ओळ उमटली की आता फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतात. मला आधी वाटलं, काकांना हे कळलंच नसेल. सकाळी ते पुलावर जाऊन टाइप करायला बघतील आणि खिडकीच उघडणार नाही.

त्यांना कळलं होतं. म्हणून तर सोमवारचा मेसेज माझ्याकडे आला.

गुरुवारी पुन्हा "७.१५. राइट टाइम." मी डबा भरला, निघाले. डोंबिवलीचा फलाट नेहमीसारखाच, भजी, घाम, मोगऱ्याचे गजरे, लेडीज डब्यापुढची ती ओळखीची धक्काबुक्की. माझी लोकल आली, मी चढले नाही. मैत्रीण दारातून ओरडली, "अगं ये ना!" मी हातानेच जा म्हटलं. कल्याणच्या टोकाला जिथे गर्दी थोडी पातळ होते तिथे जाऊन उभी राहिले. बऱ्याच महिन्यांनी उभी राहत होते तरी पाय आपोआप त्याच खांबाशी गेले. लांबून हॉर्न आला. काकांच्या फितीतला होता तसा, फक्त खोकला नव्हता. मी मान लांब केली, डोळे बारीक केले, आणि नेमकी त्याच वेळी मधल्या रुळावरून एक लोकल कल्याणकडे निघाली. तिच्या खिडक्या-दारांच्या फटींमधून मला क्वीन तुकड्या-तुकड्यांत दिसली. लोकल सरेपर्यंत क्वीनचा शेवटचा डबा ठाण्याच्या बाजूला लहान होत चालला होता.

मी फोन काढला. "डोंबिवली पास. लोको नंबर मिळाला नाही काका, मधे लोकल आडवी आली."

निळ्या खुणा लगेच आल्या. मग बराच वेळ 'टायपिंग'. काका एका बोटाने लिहीत असणार.

"कुठली लोकल?"

मी मागे वळून पाहिलं. ती अजून दिसत होती.

"बदलापूर फास्ट," मी लिहिलं. "बारा डबा."